मिरकरवाड्याची इंजिनं आणि आमची कौलं

१४ फेब्रुवारी २०२४, राखेचा बुधवार
सकाळच्या मिस्साला कपाळावर राख लावून घेतली आणि हे तसेच मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा राख कुठली नि काजळी कुठली, काही कळेना. धाकटी म्हणाली, "डॅडींचा वर्षभर राखेचा बुधवारच असतो." सासूबाईंना ते आवडलं नाही. आजपासून चाळीस दिवस घरात मटण-कोंबडी बंद. मासे चालतात, त्यामुळे रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर राहणाऱ्याला उपासकाळाचा फारसा जाच नाही, असं माझं मत. सासूबाई मात्र सुरमई-पापलेट सोडतात आणि बांगड्यावर भागवतात. त्यालाच त्या त्याग म्हणतात.

यंदा व्हॅलेंटाईन डे आजच आला. थोरला कॉलेजातून गुलाब घेऊन आला. कुणासाठी, ते सांगितलं नाही. संध्याकाळी रोझरीला बसलो तर तो गुलाब देवमाता मारियाबायच्या पुढ्यात.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
आजच होळी. चर्चमधून झावळ्या हातात धरून बाहेर पडलो, तर रस्त्यात लोक होळीसाठी लाकडं वाहून नेत होते. शिमग्यात भैरीची पालखी निघाली की अख्खी रत्नागिरी जागी असते. पवित्र आठवड्यात आमच्या घरी रेडिओसुद्धा लावत नाहीत, पण ढोलांना कोण थांबवणार? सासूबाई म्हणाल्या, "वाजू देत. आपल्या नाताळात ते काय कमी जागतात?"

चर्चला झावळ्या द्यायच्या म्हणून काल थोरला आमच्या माडावर कोयता बांधलेला बांबू चालवत होता. एक भली मोठी झावळी थेट स्वयंपाकघराच्या कौलांवर आली. चार कौलं फुटली, एक सरकलं. हे म्हणाले, "ईस्टर झाला की बघतो."

४ मे
उद्या आमच्या चर्चमध्ये मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद. माझ्याकडे तीन फ्रॉक होते शिवायला. पांढरं नेट, सॅटिनचं अस्तर, बाहीला लेस. दोन काल गेले. तिसरा इस्त्री करून दाराच्या हुकाला टांगला होता. हे संध्याकाळी आत आले ते एका हातात इंजेक्टर नि दुसऱ्या हातात डिझेलचं फडकं घेऊन, आणि कोपराने दार ढकललं. नेटवर लिंबाएवढा काळा डाग.

भांड्याचा साबण चोळला, टाल्कम पावडर टाकली, कोमट पाण्यात बुडवला. डाग फिका झाला, गेला नाही. शेवटी उरलेल्या लेसचं फूल करून त्यावर बसवलं. एकच फूल ओकंबोकं वाटेल म्हणून कडेकडेने आणखी सहा. मुलीची आई फ्रॉक न्यायला आली नि म्हणाली, "ताई, हे तर ठरलं नव्हतं. किती जास्त द्यायचे?" हे पलीकडे बसून हात धूत होते. काही बोलले नाहीत.

७ मे
लोकसभेचं मतदान. सासूबाईंना रिक्षाने नेलं. केंद्रात उकाडा असह्य. परत आल्या नि शाई लागलेलं बोट उंच धरून अर्धा तास वाडीत फिरल्या.

कौलं तशीच.

९ जून
काल रात्री मिरगाचा पाऊस आला. मला झोपेतच कळलं, कारण पाणी ठिबकत होतं ते शिलाई मशीनवर. शाळा उघडायच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच गणवेश हवे असतात, म्हणून मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी, उजेडात आणलं होतं. आता त्यावर प्लॅस्टिकचा कागद, खाली टोप. गणवेशाचं खाकी कापड पलंगावर, आणि आम्ही जमिनीवर.

ह्यांचा खरा हंगाम हाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामुळे वर्षभराचा बोटींचा आजार या दोन महिन्यांत निघतो. बोटी एकाला एक बांधून शाकारलेल्या, आणि इंजिनं उघडी. हेड उतरवा, रिंगा बदला, नोझल तपासा, गिअरबॉक्स खोला. राजिवड्याचा मुसलमान मालक, भंडारी तांडेल, नेपाळी खलाशी गावी गेलेले, आणि इंजिनात डोकं घातलेला आमचा कॅथलिक. मालकांचं एकच पालुपद: "फिटर, एक ऑगस्टला बोट पाण्यात हवी."

ह्यांनी मला एकदा समजावलं होतं, की खाऱ्या पाण्याने इंजिन थंड करायचं तर आत झिंकचा तुकडा बसवतात. खार पहिल्यांदा त्याला खातो, म्हणून लोखंड वाचतं. झिंक झिजलं की नवीन घालायचं. मी म्हटलं, आमच्या घरातलं झिंक मी. त्यावर ते म्हणाले की झिंक स्वस्त असतं. दोन तास अबोला.

१४ जुलै
नणंदबाई आठ दिवस राहून मुंबईला निघाल्या. सोबत फणसपोळी, कोकम आगळ, सुक्या बांगड्यांचं पुडकं, आणि सासूबाईंनी दिलेली तीर्थाची बाटली. हे नि थोरला रत्नागिरी स्टेशनवर सोडायला गेले. तिथे कळलं की खेडच्या पुढे दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आहे आणि कोकण रेल्वे ठप्प. गेल्याच आठवड्यात पेडण्याच्या बोगद्यात पाणी-चिखल आला होता, म्हणून गोव्याची बाजू बंद होती. म्हणजे यंदा दोन्हीकडून झालं. फलाटावर सुक्या बांगड्यांच्या वासाने लोक सरकून बसले, असं थोरला सांगतो. रात्री सगळे सामानासकट परत.

१६ जुलै
रूळ काल संध्याकाळी मोकळे झाले, पण नणंदबाईंनी जायचं पुढे ढकललं. दोन दिवस बसून त्यांनी घराची पाहणी केली. गळकं छप्पर, ओल धरलेली भिंत, मधेच बंद पडणारा फ्रीज, सुटलेली न्हाणीघराची कडी. जेवताना म्हणाल्या, "दादा, अख्ख्या मिरकरवाड्याची इंजिनं चालतात ती तुझ्या हातानं, आणि घरात एक धड दार लागत नाही?" इतकी वर्षं मी हेच बोलते, ते वाऱ्यावर जातं. बहिणीचं मात्र लागलं. लगेच कडी बसली. कौलं म्हणे पावसात चढून चालत नाहीत, निसरडं असतं. हे खरं आहे, आणि सोयीचंही.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
बंदी उठली तरी समुद्र निवळल्याशिवाय बरेच जण बाहेर पडत नाहीत. आज नारळ पडले. ह्यांनाही दोन मालकांनी नारळ दिले. पैसे पहिल्या फेरीनंतर, म्हणजे जाळं लागून मासळी आली की. ह्यांची उधारीची वही म्हणजे दुसरा जुना करार, तीत नावंच नावं. पर्ससीन जाळ्यांच्या बोटवाल्यांना तर १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा, त्यामुळे त्यांचे पैसे सर्वांत उशिरा. वाण्याला हे पटवून देणं माझ्याकडे.

८ सप्टेंबर
काल गणपती बसले, आज आमच्या मारियाबायचा जन्मदिवस. शेजारच्या काकूंना हळदीची पानं हवी होती, मलाही पातोळ्यांना हवी होती. आमच्या परसातलं हळदीचं झुडूप दोन घरांनी मिळून पार बोडकं केलं. सकाळी चर्चमध्ये हळव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला. मुलांनी माऊलीसमोर फुलं उधळली. एक लोंबी घरच्या अल्तारावर ठेवली, आणि बाकीच्यांचे दाणे सोलून खिरीत घातले. दुपारी काकूंकडून एकवीस मोदक, आमच्याकडून पातोळ्या. दोन्ही पदार्थांत सारण तेच, गूळ-खोबरं. सासूबाईंनी मधुमेहाची गोळी घेतली आणि मोदक मोजले नाहीत.

संध्याकाळी काकूंच्या आरतीला थोरला झांजा वाजवायला गेला. ताल त्याला चर्चच्या गायनमंडळात शिकवलाय. तिथे तो इतका मन लावून वाजवत नाही, अशी फादरांची तक्रार आहे.

२० ऑक्टोबर
पाऊस थांबला. कौलं घालणारा माणूस आणला, मीच. वानरांनी उन्हाळ्यात आणखी दहा-बारा फोडली होती. हे घरी आले तर शिडी अंगणात, माणूस वर. खाली उभे राहून त्याला सूचना देत राहिले. माणसाने शेवटी विचारलं, "तुम्ही चढता का?" हे आत गेले.

११ डिसेंबर, जुनं गोवा
सेंट झेवियरच्या पवित्र अवशेषांचं दर्शन दहा वर्षांनी एकदा. २१ नोव्हेंबरला बाँ जीझस बासिलिकेतून ते से कॅथेड्रलमध्ये आणले आहेत, ५ जानेवारीपर्यंत. मागच्या वेळी, २०१४ ला, धाकटी ह्यांच्या खांद्यावर होती. आता ती ह्यांना रांगेत पुढे ओढत होती. सासूबाई व्हीलचेअरवर. त्यांनी गेल्या खेपेलाच जाहीर केलं होतं की पुढच्या वेळी मी नसेन. आज म्हणाल्या, "२०३४ ला एसी गाडीनं यायचं."

हा संत १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर गेला आणि तिथून त्याचा देह समुद्रमार्गे गोव्यात आला. ह्यांनी काचेपुढे क्षणभर हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या काळात शिडाची जहाजं. इंजिनच नाही." मला वाटलं, हेच मागितलं असणार: वर्षात एखादा महिना इंजिनाशिवाय.

परतताना करमळी स्टेशनवर गाडी उशिरा. दोदोल विकत घेतला होता, तो स्टेशनवरच संपला.

२४ डिसेंबर
चर्चचा जनरेटर सुरू होईना. मध्यरात्रीचा मिस्सा, नऊ वाजता फादरांचा फोन, "जरा येता का?" हे नवीन शर्ट घालून गेले आणि साडेदहाला फिल्टर साफ करून, जुना शर्ट मागवून परत तयार झाले. इकडे घरच्या स्टारची वायर उंदराने कुरतडली होती. थोरल्याने टेप लावून पेटवला. फ्यूज गेला. अंधारात नेवऱ्या तळल्या, मोबाईलच्या उजेडात. काही करपल्या, त्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात मेंढरांमागे लपवल्या.

२९ डिसेंबर, पवित्र कुटुंबाचा सण
प्रवचन सुतार योसेफावर होतं. कष्टाळू, शांत, घरासाठी झटणारा. मी शेजारी बघितलं. हे छताकडे बघत होते, पंख्याचा आवाज येत होता म्हणून. मिस्सा संपला नि फादरांना म्हणाले, "त्याचं बेअरिंग गेलंय. मंगळवारी बदलून देतो."

मला विचारायचं होतं की नाझरेथच्या त्या घरातलं दार वेळेवर दुरुस्त होत होतं का. विचारलं नाही. पर्ससीनला दोन दिवस उरलेत, म्हणून ते तिथूनच बंदरावर गेले.

३० डिसेंबर
मिक्सर बंद पडला. "रविवारी बघतो" ऐकायच्या आत पिशवीत घातला आणि राम आळीत नेला. ब्रश बदलले. दीडशे रुपये.