कमानीजवळचे दोघे

॥ श्री ॥
म्हैसूर, 21 सप्टेंबर

चि. सौ. मनू,

तुमच्या ग्रेट ओशन रोडच्या सहलीचे फोटो पोचले. मामीने ते दोनदा पाहिले आणि विचारलं काय, तर "दोघं जेवली कुठे?" मी अडलो ईस्टर्न व्ह्यूच्या लाकडी कमानीपाशी. कमानीखाली तुम्ही दोघं, बाजूला दोन कामकऱ्यांचा ब्राँझचा पुतळा, त्यातला एक तुझ्या फोटोत अर्धा कापला गेलाय. खाली तुझं वाक्य, "हे कोण कुणास ठाऊक, पण फोटो छान आलाय." तर ते कोण, हे सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू "हो मामा, हो मामा" करत भाजी चिरत असतेस.

ते पहिल्या महायुद्धावरून परतलेले सैनिक. त्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पुरती पन्नास लाखही नव्हती आणि युद्धात साठेक हजार माणसं गेली. जी परत आली त्यांच्या हाताला काम हवं होतं. तुमच्या शेजारच्या जिलाँगला हॉवर्ड हिचकॉक नावाचा महापौर होता. त्याने ट्रस्ट काढला, वर्गणी जमवली, स्वतःचे तीन हजार पौंड घातले आणि ठरवलं की मेलेल्यांचं स्मारक म्हणून समुद्राकाठाने रस्ता काढायचा, आणि तो त्यांच्या परतलेल्या सोबत्यांनी बांधायचा. पैसे एकच, त्यात जिवंतांना मजुरी आणि गेलेल्यांना स्मारक. या माणसाची अक्कल मला फार आवडते. प्रवासी येतील, किनाऱ्यावरच्या गावांत पैसा खेळेल, हा हिशोबही त्यात होताच. मला त्यात गैर काही दिसत नाही.

सप्टेंबर 1919 मध्ये लॉर्नजवळ काम सुरू झालं. सुमारे तीन हजार सैनिक त्यावर राबले. कुदळ, फावडं, हातगाडी आणि सुरुंग, यंत्रं नावापुरती. कडा फोडायचा, दगड ढकलायचा, आणि खाली समुद्र. काहींचे जीव त्यातही गेले. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी, शनिवारी अर्धा दिवस. राहायला तंबू, जेवायला एक मोठा सामाईक मांडव, जेवणाचा खर्च आठवड्याला फार तर दहा शिलिंग, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत आठवडा जेवून निघायचा. (मामीला हे वाचून दाखवलं, तिचं समाधान झालं.) तळावर पियानो आणि ग्रामोफोनही होता म्हणे. सुरुंगाचे डिटोनेटर मात्र खडबडीत वाटेवर हादरू नयेत म्हणून माणसं मांडीवर घेऊन बसायची, कारण साऱ्या गाडीत मऊ जागा तेवढीच!

1924 मध्ये केप पॅटनजवळ 'कॅसिनो' नावाचं जहाज खडकाला लागलं. ओझं हलकं करायला खलाशांनी पाचशे पिंपं बियर आणि दारूच्या एकशेवीस पेट्या समुद्रात टाकल्या. त्या वाहत आल्या कुठे, तर या मंडळींच्या पुढ्यात. पुढे दोन आठवडे रस्ता इंचभर सरकला नाही. सरकारी अहवालात याला काय नाव दिलं असेल, हे जावईबापूंना विचार. त्यांना असल्या अहवालांचा अनुभव आहे.

पहिला टप्पा 1922 मध्ये खुला झाला आणि टोल बसला. मोटारीला दोन शिलिंग, पण दोनपेक्षा जास्त घोड्यांच्या गाडीला दहा! पूर्ण रस्ता खुला झाला नोव्हेंबर 1932 मध्ये. हिचकॉक त्याच ऑगस्टमध्ये हृदयविकाराने गेला होता. उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्याची मोटार गव्हर्नरच्या गाडीमागून नेली. 1936 मध्ये रस्ता सरकारच्या हवाली झाला आणि टोल गेला. टोल गेला, हे वाक्य पुन्हा वाच. आपल्याकडे ते सहसा लिहायला मिळत नाही.

हा रस्ता होत होता, साधारण त्याच वर्षांत आमच्याकडे कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभं राहत होतं. आणि आपल्या कोकणातल्या समुद्राकाठच्या रस्त्याचं, रेवस ते रेड्डी सागरी मार्गाचं, नाव मी बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. काही खाड्यांवर अजून पूल नाहीत, दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवूनच पलीकडे जावं लागतं. असो, तो विषय निघाला की माझं रक्तदाब मोजायचं यंत्र बाहेर येतं.

आता आपल्या गावाचा त्या रस्त्याशी, म्हणजे तो बांधणाऱ्यांच्या युद्धाशी, संबंध. 1914 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी, नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी, युद्धासाठी पन्नास लाख रुपये दिले आणि संस्थानचं घोडदळही पाठवलं, ते म्हैसूर लान्सर्स. इजिप्त-पॅलेस्टाइनच्या मोहिमेत हे स्वार ज्या डेझर्ट माउंटेड कोअरमध्ये होते, त्याचा सेनापती ऑस्ट्रेलियाचा हॅरी शोवेल. त्याच कोअरमध्ये ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्सच्या पलटणी. म्हणजे एकाच हुकमाखाली, एकाच वाळूत, एकाच पाण्यासाठी तहानलेली माणसं. 23 सप्टेंबर 1918 ला हैफा बंदर पडलं ते म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांच्या दौडीत. म्हैसूरची एक तुकडी कार्मेल डोंगर चढून वरच्या तोफांवर गेली, जोधपूरचे खालून शहरावर धावले. हातात भाले-तलवारी, समोर मशीनगन. जोधपूरचे मेजर दलपतसिंह तिथेच पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात उभे तिघे म्हणजे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे लान्सर्स. ते शिल्पही 1922 चंच.

आपल्या घरातलं त्यांत कुणी नव्हतं, उगाच सांगत सुटू नकोस. आपले पणजोबा कचेरीतले कारकून, घोड्याला लांबूनच नमस्कार करणारे.

हे सगळं आठवलं, कारण सध्या दसऱ्याची तालीम चालू आहे. सकाळी वाळूच्या गोण्या पाठीवर घेतलेले हत्ती सयाजीराव रोडवरून बन्नीमंटपाकडे जातात, बरोबर घोडेस्वार पोलीस. बघ्यांची गर्दी हत्तींकडे, घोड्यांकडे कुणी बघत नाही. म्हैसूर लान्सर्सचं स्मारक बंगळुरूच्या जे. सी. नगरात आहे, पण त्याच्या शेजारून रोज हजारो गाड्या जातात आणि कुणाची मान वळत नाही. तुमच्याकडे निदान रस्ताच स्मारक आहे. कुणाला माहीत असो-नसो, चाक त्यावरूनच जातं.

पुढच्या वेळी जाल तर घाईने ट्वेल्व्ह अपॉसल्स गाठू नका. नाव बारांचं असलं तरी ते खडक बारा कधी नव्हतेच, आणि जुलै 2005 मध्ये त्यांतलाही एक कोसळला. लॉर्नच्या पुढे माउंट डिफायन्सला हिचकॉकचं स्मारक आहे, तिथे थांबा. टॉर्कीकडून निघालात की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला राहतो.

डिसेंबरात याल तेव्हा मी बंगळुरू विमानतळावर घ्यायला येईन. म्हैसूरला निघण्याआधी जे. सी. नगरला गाडी थांबवू, दहा मिनिटंच. झोप आली, जेट लॅग आहे, असली कारणं चालणार नाहीत. आणि या वेळी फोटोत कुणाला अर्धं कापू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. मामी विचारते, मेतकूट संपलं का?