पाण्यातून खत काढणारी दरी

ऑस्लोहून र्‍यूकानला जायला गाडीने तीन तास लागतात. ड्रामेन, काँग्सबर्ग, नोटोडेन मागे पडलं की पुढे टिन सरोवराचा काठ लागतो. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, आणि पाणी जवळजवळ काळं. गाडी भाचा चालवत होता. तो ऑस्लोत नोकरीला आहे आणि र्‍यूकानजवळचं वेमोर्कचं वीजघर त्याने आधी पाहिलेलं होतं. वाटेत तो मला 1943 सालची हकीकत रंगवून सांगत होता: बर्फातून आलेले नॉर्वेजियन जवान, जर्मन पहारा, तळघरातला स्फोट. मध्येच म्हणाला, "मामा, तुम्ही ‘द हीरोज ऑफ टेलिमार्क’ बघितलाय ना? तेच हे ठिकाण."

सिनेमा मी बघितला होता, पण मला तिथे ओढून नेलं होतं ते सेल हाउसने, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या सेलच्या इमारतीने. माझी नोकरीची सगळी वर्षं कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात गेली. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची. एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन, आणि द्रावणात उरतो तो कॉस्टिक. रेक्टिफायरची घरघर, तांब्याचे जाडजूड बसबार, डोळ्यांना झोंबणारा क्लोरीनचा वास, यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला वेमोर्क हे नाव तीर्थक्षेत्रासारखं वाटतं. विजेने पाणी फोडून खत करण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो इथे.

र्‍यूकान गाव दरीच्या तळाशी वसलंय. दक्षिणेला 1883 मीटर उंचीचा गाउस्ताटोपन. त्यामुळे सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत गावात ऊन पोचतच नाही. आम्ही गेलो तो ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, सावली नुकतीच बसलेली. 2013 मध्ये उत्तरेकडच्या डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, ते सूर्यामागे फिरतात आणि चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. त्या तुकड्यात बाकावर दोन आजीबाई चेहरा वर करून बसल्या होत्या. त्याच्याही आधी, 1928 मध्ये, कंपनीने गावकऱ्यांना उन्हात नेण्यासाठी दोरीवरची गाडी बांधून दिली होती. ती आजही चालते.

कंपनी म्हणजे नॉर्स्क हायड्रो. या दरीत जे काही आहे ते तिच्यामुळे, आणि तिच्यामागे दोन माणसं: अभियंता साम ऐडे आणि भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलांड. 1903 मध्ये बिर्केलांड विजेची तोफ करू बघत होते. ती फसली, पण तिच्यातल्या विजेच्या प्रचंड ठिणगीतून हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊ शकतात हे ऐडेंच्या कामाचं निघालं. त्यातून नायट्रिक ॲसिड, त्यातून खत. 1905 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1911 मध्ये वेमोर्कचं वीजघर सुरू झालं. 108 मेगावॅट. त्या वेळी जगात एवढं मोठं जलविद्युत केंद्र दुसरं नव्हतं.

वेमोर्कला गाडी दरीच्या अलीकडेच ठेवावी लागते. मग झुलता पूल, खाली मोना नदीची घळ, आणि पलीकडे चढण. पुलावर मी मुद्दाम थांबलो. समोर डोंगरावरून अकरा पाइप खाली येताना दिसतात, एकेक माणूस आत उभा राहील एवढा. एके काळी र्‍यूकानच्या धबधब्यातून कोसळणारं पाणी या पाइपांमध्ये घेतलं, म्हणून दरीत कारखाना उभा राहिला आणि धबधबा बहुतेक काळ मुका झाला. ही किंमत मोजली गेली हे तिथे उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं.

वीजघराचा हॉल आता संग्रहालय आहे. दहा जनित्रं एका रांगेत, खिडक्यांतून येणारा करडा उजेड. भाचा फोटो काढत होता. मी एका टर्बाइनच्या वाटीसारख्या पात्यांवर हात फिरवत राहिलो.

विजेच्या ठिणगीने खत करायला वीज भयानक लागे. जर्मनीत हाबर आणि बॉश यांची पद्धत आली, तिच्यात नायट्रोजन आणि हायड्रोजन दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करतात, आणि तेवढ्याच खताला वीज कितीतरी कमी पुरते. जर्मन लोक हायड्रोजन कोळशातून काढत. नॉर्वेकडे कोळसा नाही, पाणी आणि वीज मात्र हवी तेवढी. म्हणून 1920 च्या दशकाच्या शेवटी वीजघराच्या पुढ्यात काँक्रीटची उंच इमारत उभी राहिली, आणि तिच्या मजल्यामजल्यावर पाणी फोडणारे सेल.

ती इमारत आज नाही. 1977 मध्ये पाडली. ढिगाऱ्याखाली तळघर मात्र शिल्लक होतं. ते अलीकडे उकरून काढलं आणि त्यावर छप्पर घालून लोकांसाठी उघडलं. आत थंड, ओलसर हवा. फुटकं काँक्रीट, गंजलेल्या सळया, भिंतीवर जुन्या पाइपांच्या खुणा. वाटाड्या मुलगी शांतपणे, घाई न करता बोलत होती. तिला मी विचारलं, द्रावण कशाचं होतं? ती हसली आणि म्हणाली, हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड.

शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात हा क्षार घालतात. क्षार संपत नाही, फुटतं ते पाणी. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन, मध्ये दोन्ही वायू मिसळू नयेत म्हणून पडदा. त्या काळी तो ॲस्बेस्टॉसचा असे. पाणी फुटायला सिद्धांताप्रमाणे 1.23 व्होल्ट पुरतात, पण प्रत्यक्षात सेलवर दोन व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात. मधल्या फरकाचा बराच भाग उष्णता होऊन जातो. सेल हाउसमधल्या माणसाची सारी लढाई त्या फरकाशी असते. आमच्याकडे एका सेलचा व्होल्टेज थोडा जरी वर गेला तरी शिफ्ट इन्चार्ज धावत यायचा.

आता जड पाण्याबद्दल, ज्याच्यासाठी 1943 चा तो स्फोट झाला. साध्या पाण्यातल्या साधारण 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक अणू जड असतो, त्याला ड्युटेरियम म्हणतात. वीज सोडली की हलका हायड्रोजन आधी सुटतो आणि जड मागे रेंगाळतो. सेलमध्ये उरलेलं पाणी पुढच्या सेलमध्ये, तिथलं उरलेलं त्याच्या पुढच्या सेलमध्ये, असं करत गेलं की शेवटी जवळजवळ शुद्ध जड पाणी हाती येतं. रासायनिक दृष्ट्या जवळपास सारख्या असलेल्या दोन गोष्टी केवळ विजेने वेगळ्या करण्याचं हे काम मला आजही थक्क करतं. काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी एका किलोला सहा टनांच्या आसपास पाणी लागतं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. असं पाणी परवडतं कोणाला? जो खतासाठी रोज पाणी फोडतोच आहे त्याला. ट्रॉन्हाइमचे प्राध्यापक लाइफ ट्रोनस्टा आणि इथल्या हायड्रोजन कारखान्याचे प्रमुख योमार ब्रून यांनी 1933 मध्ये हे ओळखलं, आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं.

शेवटच्या टप्प्याचे अठरा सेल या तळघरात होते. तिथे मांडलेला सेल मी जवळून पाहिला: उभं लोखंडी नळकांडं, साधारण माझ्या छातीपर्यंत येणारं, दोन्ही हातांनी कवळता येईल एवढं बारीक. वर झाकण, झाकणावर जोडण्या. आमच्या कारखान्यातल्या सेलपुढे अगदीच लहान. अणुबॉम्बच्या शर्यतीत जर्मनांना हवं होतं ते पाणी यातून थेंबाथेंबाने गोळा होत होतं.

27 फेब्रुवारी 1943 च्या रात्री नऊ नॉर्वेजियन जवान घळीत उतरले, गोठलेली मोना ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून रेल्वेच्या रुळांवरून आत आले. अठराच्या अठरा सेलवर स्फोटकं बांधली. मध्यरात्रीनंतर स्फोट झाला, जवळजवळ 500 किलो जड पाणी गटारातून वाहून गेलं, आणि एकही गोळी सुटली नाही. जर्मनांनी सेल पुन्हा बसवले. मग नोव्हेंबरमध्ये अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात गावातली माणसं गेली. शेवटी उरलेला साठा जर्मनीला नेताना 20 फेब्रुवारी 1944 रोजी टिन सरोवरातली फेरीबोट बुडवली गेली. अठरा जण मेले, त्यातले बहुतेक नॉर्वेजियन. सकाळी ज्या काळ्या पाण्याच्या काठाने आम्ही आलो, त्याच्या तळाशी ती बोट अजून आहे.

या शौर्याचं मोल कमी नाही. पण तळघरातले पर्यटक स्फोटाची जागा बघून परत फिरतात, आणि वरच्या मजल्यांवर काय चालायचं हे कोणी विचारत नाही, याची मला खंत वाटली. इथला हायड्रोजन पाइपांतून खाली गावातल्या कारखान्यात जाई, तिथे त्याचा अमोनिया होई, आणि त्यातून तयार झालेलं खत शेतात पडे. धूर नाही, कोळसा नाही. आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात तो या दरीत माझ्या जन्माआधीपासून होत होता.

मग बंद का पडला? नैसर्गिक वायू आणि तेलातून हायड्रोजन स्वस्तात मिळू लागला, एवढंच कारण. 1971 मध्ये जुनं वीजघर थांबलं. हीच गोष्ट आपल्याकडे नांगलला घडली. भाक्राच्या विजेवर तिथे पाणी फोडून खत होत असे, आणि त्याच कारखान्याला जोडून 1962 मध्ये भारतातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला. पुढे शहरांना आणि शेतीपंपांना वीज हवी झाली, आणि खताला तेल वापरलं गेलं. आमच्या अलिबागजवळ थळला 1987 पासून जड पाणी होतं, तेही विजेने पाणी फोडून नव्हे; खत कारखान्यातल्या वायूतला ड्युटेरियम अमोनियात ओढून घेतात.

परतीच्या वाटेवर भाच्याने सांगितलं की समुद्राकाठच्या हेरोया इथे यारा कंपनीने, म्हणजे एके काळच्या हायड्रोच्याच खत शाखेने, 2024 मध्ये पुन्हा पाणी फोडणारा प्रकल्प सुरू केलाय. क्षमता 24 मेगावॅट. वेमोर्कचं वीजघर शंभर वर्षांपूर्वी 108 मेगावॅटचं होतं. भाचा गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे आपण अजून मागेच आहोत की, मामा."

भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजनचं अभियान मंजूर केलं, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. मला ते मनापासून हवं आहे. पण एक किलो हायड्रोजनला आजही 50 युनिटच्या आसपास वीज लागते, आणि चांगल्यातला चांगला सेल आणला तरी बाहेरून उष्णता दिल्याशिवाय 39 युनिटच्या खाली जाता येत नाही. पाच रुपये युनिट धरलं तर नुसत्या विजेचे अडीचशे रुपये झाले. 50 लाख टनांना वर्षाला 25,000 कोटी युनिट लागतील. सेल कुठल्या कंपनीचा, पडदा कुठल्या देशाचा, यावर चर्चा खूप होते. ती करणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं: ही वीज कुठून येणार, काय भावाने येणार, आणि पंचवीस वर्षं त्याच भावाने मिळेल याची हमी कोण देणार?