हजाराची गोळी, दोनशेचं कॅल्शियम

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया विदर्भाला आता नवी नाही. 2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतली आणि 'बॅरिएट्रिक' हा शब्द पेपरांतून गावोगावी पोचला. गडचिरोलीचा पेशंट त्यासाठी नागपूर गाठतो आणि काही दिवसांत घरी परततो. पुढचा गोळ्यांचा कारभार मात्र गावातल्या मेडिकलच्या भरवशावर चालतो, आणि घोळ तिथेच होतो.

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं कॅल्शियम सायट्रेट. दुकानात ते नसलं की कार्बोनेट हातात पडतं, वर 'तेच आहे, कंपनी वेगळी' हा दिलासा. तेच नसतं. कार्बोनेट नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग काढलेला असतो. बायपासमध्ये तर लहान आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात कॅल्शियम उत्तम शोषलं जातं, तोच अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो. सायट्रेटचं आम्लावाचून अडत नाही.

पण सायट्रेटमध्येही एक मेख आहे. स्ट्रिपवर ठळक 1000 मिलिग्रॅम छापलेलं असतं. ते वजन सायट्रेटचं. त्यातलं खरं कॅल्शियम जेमतेम 210 मिलिग्रॅम. या शस्त्रक्रियांनंतर दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आहारातलं धरून. दोन गोळ्या घेऊन निश्चिंत झालेल्याच्या पदरात पडतं 420. शिवाय एका वेळी 500-600 पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर हवंच.

'खर्ऱ्यात चुना खातोच की!' असंही ऐकू येतं. चुन्यात कॅल्शियम आहे, खरं. पण खर्ऱ्यातून तो तंबाखूसोबत पोटात जातो, आणि तंबाखू ऑपरेशन झालेल्या पोटाचा वैरी.

कॅल्शियमच्या जोडीला लागणाऱ्या ड जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी चमत्कारिक. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45 अंशांपुढे जातो, तिथे उन्हाचं जीवनसत्त्व कमी कसं? लठ्ठ शरीरात ते चरबीत अडकून राहतं, आणि ज्या भरदुपारच्या उन्हात ते त्वचेत तयार होतं, त्या वेळी शहाणा माणूस घरात असतो. म्हणून रोज 3000 युनिटपासून सुरुवात करून रक्तातली पातळी 30 नॅनोग्रॅमच्या वर न्यावी लागते. 60,000 युनिटचं पाऊच साधारणपणे आठवड्याला एक असतं, तेही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. 'ताकदीचं आहे' म्हणून रोज घेणं हा वेडेपणा. त्याने रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढून मूत्रपिंडं धोक्यात येतात.

आम्हा डॉक्टरांकडूनही एक गोष्ट सांगायची राहून जाते. कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून उपसून रक्तात आणतात. त्यामुळे हाडं झिजत असतानाही रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो. तेव्हा नागपूरची फेरी वर्षातून एकदा तरी करा, ड जीवनसत्त्वासोबत पॅराथायरॉइड हार्मोनही तपासून घ्या, आणि एका नॉर्मल रिपोर्टवर गोळ्या बंद करू नका.