यंत्राला ऊन लागू देऊ नका

२८ एप्रिल २०१९, रविवार. पहाटेच शाळेच्या ग्रुपवर हवामान खात्याचा इशारा येऊन पडला होता. उष्णतेची लाट, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी पीत राहा, सुती आणि सैल कपडे घाला. खाली तिघांनी हात जोडले होते. मी हे वाचलं तेव्हा एक पाय चपलेत गेलेला होता. पुण्याचं मतदान २३ तारखेलाच उरकलं होतं, पण हडपसर शिरूर मतदारसंघात मोडतं आणि तिथलं मतदान दुसऱ्या दिवशी. माझ्या खिशात केंद्राध्यक्ष म्हणून नेमणुकीचा आदेश. साहित्य ताब्यात घ्यायला सकाळी हजर राहायचं. इशारा आणि आदेश, दोन्ही सरकारीच. त्यातल्या एकावर गैरहजर राहिल्यास कारवाई होते.

साहित्यवाटपाचा मांडव मोठा होता. वर कापड, बाजूंनीही कापड, म्हणजे वारा येण्याची सोय नाही. माझ्या पथकात पहिले मतदान अधिकारी म्हणून आलेले गृहस्थ दुसऱ्या शाळेत भूगोल शिकवत. कपाळ पुसत मी म्हटलं, "सर, ही लाट नक्की कधी म्हणायची?" ते खुलले. मैदानी भागात पारा चाळिशी गाठतो आणि तिथल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश वर जातो, तेव्हा लाट. साडेसहाच्या वर गेला की तीव्र. किंवा सरळ पंचेचाळीस. "पुण्याची एप्रिलअखेरची सरासरीच अडतीसच्या आसपास. म्हणजे एकेचाळीसला आपण भाजून निघतो, पण कागदावर लाट नसते."

"आणि तो पारा मोजतात कुठे?"

"शिमला ऑफिसात. झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, वारा खेळता ठेवून."

संचेतीच्या चौकातल्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिसच म्हणतात. वेधशाळेचा कारभार १९२८ साली शिमल्याहून इथे आला, नाव मागे चिकटलं. सावलीतलं मोजतात ते बरोबरच आहे. नाहीतर हवेचं तापमान मोजण्याऐवजी उन्हात तापलेल्या काचेचं मोजलं जाईल. पण आम्ही काही त्या पेटीत बसलो नव्हतो.

यंत्रं मिळाली तेव्हा साडेबारा वाजले होते. मांडवाच्या कडेला एक पट्टा उन्हात होता, तिथे आमची पिशवी पडून राहिली होती. यादी तपासायला पिशवीतून लाखेची कांडी काढली तर ती वाकली. व्हीव्हीपॅटच्या पेटीबद्दल मात्र सगळे दक्ष होते. थेट ऊन लागू द्यायचं नाही, खिडकीसमोर ठेवायचं नाही, वर दिवा नको, हे प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं. आदल्या वर्षी भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत ही यंत्रं कितीतरी ठिकाणी अडली होती. कुणी उकाड्याला बोल लावला, कुणी भडक उजेडाला. त्यामुळे लाऊडस्पीकरवरून मिनिटामिनिटाला बजावणं चाललं होतं: यंत्राला ऊन लागू देऊ नका. आमच्या शिपाईमामांनी गळ्यातला पंचा काढला आणि पेटीवर घातला. मी बघितलं, आणि शाबास मामा म्हणालो. ते आठवलं की अजून लाज वाटते.

बस लागायला आणखी तासभर गेला. रांगेत माझ्यापुढे उभे असलेले मामा वळून म्हणाले, "सर, घंटा झाली का?"

मला वाटलं थट्टा करतायत. तीस वर्षं शाळेची घंटा वाजवलेला माणूस. मी हसलो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मग तिसऱ्यांदा, आणि मला न बघता पलीकडे कुठेतरी बघत. भूगोलाच्या सरांनी त्यांचा हात धरला, तसे सर चपापले. "हात बघा. घाम नाही." मामांची कातडी कोरडी होती, तव्याजवळ धरल्यासारखी गरम. पुण्याची हवा एप्रिलात कोरडी. घाम आला तरी उडून जातो, अंगावर दिसत नाही, म्हणून माणूस पाण्याचं भान हरवतो. पण आता घाम यायचाच थांबला होता.

पेटीवरचा पंचा मीच ओढून काढला. पाण्याच्या जारखाली धरला, मानेला, काखेत, छातीवर लावला. कुणीतरी पाणी पाजायला पुढे आलं, त्याला सरांनी अडवलं. शुद्ध धड नसताना पाणी घशात अडकतं. चौघांनी उचलून भिंतीच्या सावलीत नेलं, पुठ्ठ्यांनी वारा घातला. एकशे आठची गाडी आली. मामा वाचले, दोन दिवसांनी घरी गेले. आम्हाला राखीव यादीतला दुसरा माणूस मिळाला, त्याच्या नावावर सह्या झाल्या, बस सुटली.

त्या दिवशी शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला होता. एप्रिलमधला पुण्याचा विक्रम ४३.३, तोही १८९७चा, प्लेगच्या सालचा. म्हणजे इशारा अगदी बरोबर होता. पुढे २०२४च्या निवडणुकीत उन्हाचा आढावा घ्यायला आयोगाने हवामान खात्याला सोबत घेऊन कृतिगट नेमला, तेव्हा मला बरं वाटलं. त्याच निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात तेहतीस मतदान कर्मचारी उन्हाने दगावल्याची बातमी आली, तेव्हा मामांचा हात आठवला.

मतदान केंद्र म्हणजे एका शाळेचा वर्ग, वर पत्रा. रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर ऊब लागत होती. नियमाप्रमाणे यंत्रासाठी जागा शोधली: खिडकीपासून लांब, उजेडापासून लांब, उत्तरेच्या भिंतीलगतचा कोपरा. फरशी तिथेच काय ती थोडी गार होती. मी पेटी आत सरकवली आणि तिच्या शेजारी सतरंजी टाकली. भूगोलाचे सर म्हणाले, "सरका थोडे."