उत्तरेचा उजेड

आमच्या आळंदच्या घरात स्वयंपाकघराला उत्तरेकडे भली मोठी खिडकी आहे. घर बांधताना गवंडी ती पूर्वेला काढायची म्हणत होता. सकाळचं ऊन आत आलं की घर प्रसन्न वाटतं, हे त्याचं म्हणणं. सासऱ्यांनाही ते पटलं होतं. नवी सून असूनही मी मध्ये बोलले, "डाळ निवडायला ऊन नको, उजेड हवा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी मात्र मान हलवली. आमचा भाग तुरीचा. घरात वर्षाची डाळ भरायची, किडामुंगी बघून निवडायची आणि दिवस मावळायच्या आत चूल आवरायची. उजेडाची किंमत त्यांना ठाऊक होती. खिडकी उत्तरेलाच झाली.

ही अक्कल माझी नव्हती. सोलापूरच्या एका कापडमिलीची होती.

माझे वडील, आमचे अण्णा, त्या मिलीत हजेरी कारकून. आमच्या घरात घड्याळ होतं, पण दिवस चालायचा भोंग्यावर. पहिला भोंगा झाला की आई पाणी तापत टाकायची. संध्याकाळच्या भोंग्यानंतर अण्णा सायकल हाणत यायचे, कारण सूर्यास्ताआधी ताटावर बसायचं असायचं. हिवाळ्यात ती शर्यत अण्णा बऱ्याचदा हरायचे. मग पाणी पिऊन तसेच झोपायचे. त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असे आणि कामगारांच्या बायकामुलांना आत जाऊ देत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाहेरून नुसता काळ्या दगडाचा तट आणि आभाळात गेलेली चिमणी दिसायची. आत मात्र डोळे दिपले. साचेखात्यात मागांच्या रांगाच रांगा, बिडाचे बारीक खांब आणि वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती, दुसरी उभी आणि काचेची. सगळ्या काचा एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या.

"सगळ्या तिकडेच का?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "ती उत्तर आहे. वर्षातला बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. सावली हलत नाही, सुताचा रंग फसवत नाही. धागा तुटला की लगेच दिसतो."

हे छप्पर इंग्लंडातून आलेलं. तिकडच्या मिलींसाठी निघालेली युक्ती मुंबईत, सोलापुरात जशीच्या तशी उभी राहिली. पुढे मला कळलं, की तिथली प्रत्येक गोष्ट अशीच कशासाठी तरी होती. कताईखातं मजल्यांवर, कारण इंजिनातून निघालेले दोर आणि पट्टे एका दांड्यावरून साऱ्या मजल्यांना फिरवत. साचेखातं जमिनीवर, कारण शेकडो मागांचा हादरा वरच्या मजल्याला सोसत नाही. रुईची गोदामं लांब, आगीच्या भयाने. चिमणी उंच, म्हणजे भट्टीला हवेची ओढ मिळते. बॉयलरसाठी हौद. आणि कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून आत सतत ओल. आमच्या सोलापूरची कोरडी हवा माणसाला बरी, पण धाग्याला बाधते. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या लावून आत पाण्याची वाफ सोडत. बाहेर पडणारा माणूस घामाने निथळलेला आणि भुवयांवर कापूस साठलेला असे. इतक्या हुशारीने बांधलेल्या त्या इमारतीत आधी धाग्याची सोय पाहिलेली होती.

आमच्या शेजारच्या अक्का वाइंडिंगखात्यात होत्या. लहान बॉबिनीवरचं सूत मोठ्यावर घ्यायचं ते काम. बायका बहुतेक तिथेच आणि रीळखात्यात. त्यांचा धाकटा मिलीच्या पाळणाघरात वाढला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं होतं. पुढे १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. अक्का म्हणायच्या, "मिलीत दोनच जागा थंड. एक हौद आणि दुसरं पाळणाघर." पण नवी यंत्रं आली तशा बायका कमी होत गेल्या. चिमणीचे फोटो खूप बघितले. पाळणाघराचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही.

सोलापूरला मिलींचं बंद पडणं नवं नव्हतं. १८७७ साली सुरू झालेली आमच्या गावची पहिली मिल, जिला सगळे 'जुनी मिल' म्हणतात, ती १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले, आणि तो खटला वकिलीच्या पोरांना आजही शिकवतात. माझा भाचा तो पाठ करताना म्हणाला, "मावशी, तुमच्या सोलापूरचं नाव आमच्या पुस्तकात आहे." मी विचारलं, "कामगाराचं आहे का त्यात कुणाचं?" तो म्हणाला, "खटला भागधारकाच्या हक्काचा आहे."

अण्णांची मिल ती नव्हे. त्यांची बरीच नंतर बंद झाली. एका सकाळी भोंगा झाला नाही, इतकंच. आईने पाणी तापत टाकलं नाही आणि अण्णा उठून बसून राहिले. त्यांच्या हिशेबाचे पैसे निघायचे होते. अर्ज, पावत्या, शिक्के मारलेली पत्रं त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत नीट लावून ठेवली. शेवटी जे आलं ते थोडं होतं, आणि आलं तेव्हा ते घ्यायला अण्णा नव्हते. पेटी अजून माझ्या माहेरी आहे.

आता आमच्या जिल्ह्याचं गाव कलबुर्गी. खरेदीला तिथे जाते. सोलापूरहून वाडी, रायचूरकडे जाणारी रेल्वे १८७१ लाच झाली होती, भोवती कापूस पिकत होता, तेव्हा तिथेही निजामाच्या काळात मिल निघाली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यावरून 'महबूबशाही'. तीच आजची एम.एस.के. मिल. मिल कधीच थांबली, पण पत्ता सांगताना लोक अजून 'मिल' म्हणतात. एकदा मी रिक्षावाल्या पोराला विचारलं, "एम.एस.के. म्हणजे काय रे बाबा?" तो म्हणाला, "स्टॉपचं नाव आहे, अम्मा."

मागच्या वर्षी लेकीकडे मुंबईला गेले होते. ती मला लोअर परळला फिनिक्समध्ये घेऊन गेली. मला वाटलं, मॉल म्हणून हे नाव हौसेने ठेवलं असेल. राखेतून उठणारा पक्षी! पण नाव मिलीचंच, १९०५ सालच्या फिनिक्स मिलचं. मध्ये चिमणी जशीच्या तशी उभी, आणि भोवती कपड्यांची, खाण्यापिण्याची, घड्याळांची दुकानं. लेक दुकानं बघत होती, मी मान वर करून छपराचे दाते शोधत होते. "आई, पडशील," ती म्हणाली.

तिला मी सांगत राहिले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. मग १९९१ चा नियम आला. मिलीची जमीन विकसित करायची तर एक वाटा मैदान-बागांना, एक स्वस्त घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो असा बदलला, की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. जिथे बांधकाम उभं आहे ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल उचलून धरला. लेक शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पाडलं असतं तर बरं झालं असतं का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पाडलं असतं तर चिमणीही गेली असती, आणि मान वर करायचं कारणही. कापसासाठी बांधलेल्या जागेत आता हजारो पोरापोरींना काम आहे, हे मी डोळ्यांनी बघत होते. इतक्या वेळात मी स्वतः नातीसाठी एक झबलंही घेतलं होतं. चांगलं मऊ सुती. ते कुठल्या मिलीत विणलं गेलं, हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मनात आलं, इमारतीने दुसरं काम करावं यात वाईट काय? आपणही जुन्या लुगड्याची गोधडी करतोच. पण गोधडी शिवणारी बाई बोटाने दाखवते, हा तुकडा आजीच्या इरकलीचा, हा मावशीच्या लग्नातला. तेवढं सांगणं या जागांनाही हवं. चिमणीखाली एक पाटी असावी. इथे साचेखातं होतं, इथे वाइंडिंग, इथे पाळणाघर, इथे अमुक इतकी माणसं पाळीला येत. पाटीला जागा किती लागते?

ती पाटी आपल्याला कोणी मागितल्याशिवाय लावणार नाही. तोवर निदान आपल्या घरातली तरी आपण लिहावी. तुमच्यापैकी कितीजणींच्या आज्या, आत्या, शेजारणी मिलीत होत्या? कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला? माहीत असणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. मी या वेळी माहेरी गेले की अण्णांची पेटी घेऊन येणार आहे. कागद पिवळे पडलेत, अक्षर बारीक आहे.

वाचायला आमची उत्तरेची खिडकी आहेच.