जुने टी-शर्ट, फ्रिल आणि माझा नियम



मागच्या महिन्यात पाठशाळेच्या दारात दोघीतिघींनी मला थांबवलं. "लेकीचा तो काळा टी-शर्ट कुठून घेतला गं? बाह्यांना निळी फ्रिल आहे तो." मी "घरीच केलाय" एवढंच म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले. एकीने लगेच "मग शिकव की आम्हाला" म्हटलं. शिकवते. पण ती फ्रिल मी लावलेली नाही. ती त्या टी-शर्टवर कशी आली ते न सांगता नुसती मापं लिहून दिली, तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

गेल्या वर्षी चातुर्मासात आमच्या गावात आर्यिका माताजींचा संघ होता. एका सकाळी प्रवचनात भोगोपभोग परिमाणाचा विषय निघाला. एकदा घेतलं की संपतं तो भोग, जसं जेवण. पुन्हापुन्हा वापरता येतं तो उपभोग, जसे कपडे. हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलेलं आहे. पण समोर एका पांढऱ्या साडीतल्या माताजी बसलेल्या असताना ते ऐकलं आणि माझं लक्ष घरच्या कपाटाकडे गेलं. पुन्हापुन्हा? माझ्या कपाटात असे कितीतरी कपडे होते जे मी एकदाच नेसले होते. म्हणजे उपभोगाच्या वस्तूचा मी भोग करून टाकला होता.

घरी येऊन मोजलं. साड्या ६३, ड्रेस २२. दुसऱ्या दिवशी माताजींसमोर नारळ ठेवून नियम घेतला की पुढच्या चातुर्मासापर्यंत घरात नवा कपडा विकत आणणार नाही. माताजींनी विचारलंसुद्धा, "नीट विचार केलाय ना?" मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं.

'घरात' हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे झालं.

यजमानांना फरक पडला नाही, त्यांचे शर्ट मीच आणते तेव्हा त्यांना कळतं की जुने फाटले होते. सासूबाईंनी रेशीम मी या घरात यायच्या आधीच सोडलेलं. हजारो कोश उकळून एक साडी होते हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि त्या दिवसापासून बंद. त्यांच्या मोजून आठ सुती साड्या आहेत, दोन विटल्या की दोन येतात. राहिली लेक. ती तेव्हा आठवीत. आठवीतली मुलगी म्हणजे जूनमध्ये घेतलेला टी-शर्ट दिवाळीला बेंबीच्या वर जातो. तिला मी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

तेव्हा माझ्याकडे उत्तरं तयार होती. एका सुती टी-शर्टमागे कापूस पिकवण्यापासून साधारण २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. आपण रोज सकाळी दुहेरी फडक्यातून पाणी गाळतो, एका थेंबातले जीव जपतो, आणि एका टी-शर्टवर इतकं पाणी घालवतो. हे मी तिला गाळणं पिळता पिळता ऐकवलं. ती म्हणाली, "बरं मम्मी." मला वाटलं पटलं.

त्याच सुमाराला पुण्याच्या नणंदबाईंनी त्यांच्या मुलीचे लहान झालेले कपडे मोठी पिशवी भरून पाठवले. सोबत मी आठवडी बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून चार साधे टी-शर्ट आणले होते, धुवून ठेवलेले. आमच्या इचलकरंजीत मागांची खडखड चोवीस तास चालते, कापडाला तोटा नाही, आणि मी बसलेय ढिगासमोर उकिडवी! सासूबाईंनी एकच अट घातली. दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा पूजेला नाही, आहाराच्या चौक्यात नाही, आणि त्याचं गाळणं करायचं नाही. ते मलाही मान्यच होतं.

आता फ्रिलकडे येते. आपल्या आया परकराला झालर लावायच्या तेच हे, फक्त कापड ताणणारं आहे म्हणून रीत थोडी बदलते.

दोन टी-शर्ट घ्या. एक ज्याला फ्रिल लावायची तो, दुसरा ज्याची पट्टी कापायची तो. दुसऱ्यासाठी यजमानांचा कंपनीच्या कार्यक्रमात मिळालेला टी-शर्ट उत्तम, कारण तो ते कधीच घालत नाहीत. छातीवर छापलेलं असतं, म्हणून काखेच्या खाली, जिथे छपाई संपते तिथून आडव्या पट्ट्या कापायच्या, दोन इंच रुंद. मोठ्या मापाच्या टी-शर्टची एक गोल पट्टी ४२ इंचांची निघते. तिचे दोन तुकडे केले की प्रत्येकी २१ इंच. बाहीचा घेर १३ इंच असेल तर २१ म्हणजे दीडपटीपेक्षा थोडं जास्त, आणि होजिअरीच्या कापडाला तेवढं पुरतं. सुती साडीची किंवा मलमलची फ्रिल असेल तर दुप्पट घ्या, आणि पट्टी उरेब कापा म्हणजे कडेचे दोरे निघत नाहीत. होजिअरीचे दोरे निघतच नाहीत, ती हेम करायला लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पट्टी हातात धरून हलकी ओढली की कडा आपोआप गुंडाळते. ज्यांच्या मशीनला झिगझॅग आहे त्यांनी कड ओढून धरत झिगझॅग मारला तर ती कोबीच्या पानासारखी लाटालाटांची होते. ही एवढीच कोबी चातुर्मासात चालते.

मग पट्टीच्या एका बाजूने सगळ्यात मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारायच्या, एकमेकींपासून पाव इंचावर, आणि टोकाला दोरे लांब सोडायचे. खालचे, म्हणजे बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम ओढले की चुण्या पडतात. दोन टिपा का, तर एकीवर चुण्या वळतात आणि एका जागी गोळा होतात. पट्टीचे चार भाग, बाहीचे चार भाग, खुणा जुळवून टाचण्या लावायच्या. मग मधल्या चुण्या बोटांनी सारख्या करत बसायचं. हे काम घाईचं नाही. मी णमोकार म्हणत करायचे, चांगलं जमायचं.

सुई गोल टोकाची हवी. नेहमीची टोकदार सुई होजिअरीचे फासे तोडते आणि धुतल्यावर टिपेच्या बाजूने बारीक भोकं दिसतात.

माझा पहिला प्रयोग गळ्याचा होता आणि तो पूर्ण फसला. माझं मशीन सासूबाईंचं काळं पायाचं, त्याला सरळ टाका सोडून दुसरं काही येत नाही. गळ्याभोवती फ्रिल ठेवून मी मस्त सरळ टीप मारली. लेकीने डोक्यातून घालायला घेतला तर डोकं अडकलं. आतून आवाज, "मम्मी, दिसत नाहीये काही!" मी खाली ओढलं, कट्ट झालं, दोरा तुटून अर्धी फ्रिल कानावर लोंबायला लागली. गळा ताणतो, सरळ टीप ताणत नाही, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तेव्हा सरळ टाक्याचंच मशीन असेल तर गळ्याच्या वाटेला जाऊ नका. बाहीला आणि खालच्या घेरालासुद्धा मी फ्रिल हातानेच जोडते, बखियाचे बारीक टाके, प्रत्येक टाका किंचित सैल, आणि मधेमधे कापड ताणून बघायचं. सगळं झालं की चुण्यांच्या कच्च्या टिपा आठवणीने उसवायच्या, नाहीतर ताणताना त्याच तुटतात.

त्या दिवशी मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. म्हणून मला पुढचं दिसलं नाही.

नणंदबाईंच्या पिशवीत एक फिकट निळा साधा टी-शर्ट होता, कापड फार छान, पण खालच्या घेराजवळ डावीकडे शाईचा डाग. धुऊन गेला नाही. मी यजमानांच्या गडद निळ्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून घेराला पाऊण फूट उंचीवर एक आणि खाली एक अशा दोन ओळी लावल्या, डाग बरोबर वरच्या फ्रिलखाली गेला. बाह्यांनाही लावली. माझ्या हातचं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. दिवाळीला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू झाला, आणि भाऊबीजेला आम्ही पुण्याला गेलो तेव्हा लेकीने तोच घातला. घातला म्हणजे मी घालायला लावला.

नणंदबाईंनी दारातच कौतुक केलं. "वहिनी, काय हात आहे हो तुमचा! दुकानातला वाटतो." मग त्यांची मुलगी आली, बघत राहिली, आणि हसत म्हणाली, "अगं, हा माझाच ना?" तिने वरची फ्रिल बोटाने उचलली. "हा बघ माझा डाग!" पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणी आलेल्या होत्या, त्यांनीही वाकून बघितलं. मोठ्या माणसांनी माझ्या हुशारीचं आणखी कौतुक केलं. मी नियमाची सगळी हकीकत सांगितली, ६३ साड्यांसकट, पाण्याच्या लिटरांसकट. मार्दव धर्मावर दरवर्षी भाद्रपदात आपण ऐकतो, पण मान कषाय असा साध्या गप्पांतून येऊन मांडीवर बसतो तेव्हा ओळखू येत नाही.

परतीच्या वाटेवर लेक साताऱ्यापर्यंत बोलली नाही. मग गाडीच्या काचेकडे बघत म्हणाली, "मम्मी, नियम तू घेतला होतास ना?"

"हो."

"मग घातला मी का?"

यजमान गाडी चालवत होते, त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मला कृत, कारित, अनुमोदना सगळं तोंडपाठ आहे. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला दुजोरा देणं. पापाच्या बाबतीत हे तीन मोजायला शिकलो. नियम मात्र मी स्वतः घेतला होता आणि करवून तिच्याकडून घेत होते, आणि माझ्या ६३ साड्यांतली एकही कमी झाली नव्हती. आठ महिने नवीन साडी न घेणं मला काय जड होतं? जड तिला गेलं. कराडपर्यंत मला काही बोलता आलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, मुलींना सवय लागायला हवी. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "साड्या मोजल्यास. पलंगाखालच्या पिशव्या मोजल्यास का?"

पाच पिशव्या होत्या. फ्रिलसाठी म्हणून साठवलेले जुने टी-शर्ट, कटपीस, लेसचे तुकडे, कुणाकुणाकडून मागून आणलेल्या साड्या, "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेलं सगळं. परिग्रहाच्या प्रकारांत 'कुप्य' येतो, त्यात सुती-रेशमी वस्त्रं धरली आहेत, आणि ती नवीनच असली पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. चिंध्यांवरही मूर्च्छा जडते. बोहारीण दारात आली तरी मी तिला परत पाठवत होते, अगदी स्टीलचा डबा मिळत असूनही!

त्या रात्री मी लेकीची क्षमा मागितली. क्षमावाणी होऊन गेली होती, त्या दिवशी सगळ्या गावाला उत्तम क्षमा म्हटलं होतं आणि हिला नव्हतं, कारण तेव्हा मला माझी चूक माहीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन माताजींना झालं ते सगळं सांगितलं आणि नियम बदलून मागितला. नवा कपडा नाही तो फक्त मला, आणि साड्या ३० पर्यंत आणायच्या. लेक मोकळी. माताजी नुसत्या हसल्या, प्रायश्चित्त म्हणून एक उपवास दिला.

३० पर्यंत अजून पोचले नाहीये. आज ४१ आहेत. पिशव्या दोन.

लेकीने खाऊच्या पैशातून काळा टी-शर्ट आणला, नवा, साधा. "याला हात लावू नकोस," म्हणून बजावलं. मी लावला नाही. फिकट निळा टी-शर्ट तिने कपाटाच्या तळाशी ढकलून दिला होता, तो मी उचलून कोणाला द्यावा असंही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मी आहारदानाहून घरी आले तर ती मशीनसमोर जमिनीवर बसलेली. निळ्या टी-शर्टच्या बाह्यांची फ्रिल तिने ब्लेडने उसवून काढली होती, टाका टाका, कापडाला न लागता. काळ्या टी-शर्टची बाही मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बखिया मागे किती घ्यायचा?"

"अर्धा टाका," मी म्हटलं.

डाव्या बाहीच्या चुण्या मागच्या बाजूला सगळ्या गोळा झाल्या आहेत, तुम्ही नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. तिने खुणा न करताच लावलीय. उजवी चांगली आहे.