काचपेटीतील पाणी

परभणीस आम्ही नव्याने आलो, त्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील एक कुटुंब बदली होऊन पुण्यास निघाले. जाताना त्यांनी माशांची काचपेटी आमच्या स्वाधीन केली. पेटीत सहा निऑन टेट्रा होते. धाकटीने बजावले, "फादर, त्यांना सांभाळा हं!" आम्ही निःशंकपणे होकार दिला.

मराठवाड्याच्या उन्हात पेटीतील पाणी पाहता पाहता उतरे. ते आम्ही कूपनलिकेच्या पाण्याने भरून काढीत असू. फिल्टर अहोरात्र चाले, पाणी नितळ दिसे. मग चिंता कसली? परंतु काचेवर पांढरा थर चढू लागला, मासे निस्तेज झाले आणि दीड महिन्यात चार दगावले.

एका निवृत्त रसायन-शिक्षकांनी आम्हांला उलगडा करून दिला. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणाला फेस येत नाही, तेच हे जड पाणी. जमिनीत मुरताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. "फादर, वाफ होते ती पाण्याची; क्षार मागेच राहतात. तुम्ही दर वेळी त्यांत भरच घातलीत!" पिण्याच्या पाण्यासही भारतीय मानक लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडता स्वीकार्य मानते, दुसरी सोय नसल्यास ६००. टेट्रा तर अॅमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्याचे रहिवासी. फिल्टरचा स्पंज कचरा अडवितो. त्यात वसलेले जिवाणू विषारी अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. विरघळलेले क्षार मात्र त्यातून सहज निसटतात.

पाऊस लागताच पहिल्या सरी वाहू देऊन आम्ही पन्हळीचे पाणी पिंपात साठविले. बदल एकाएकी केल्यास मासे हबकतात. म्हणून आठवड्याला थोडे जुने पाणी काढून तेवढेच मिश्र पाणी घालू लागलो. निव्वळ पावसाच्या पाण्यात आम्लता लवकर वाढते, म्हणून कूपनलिकेचे पाणी अगदीच वर्ज्य केले नाही. उन्हाने घटलेले पाणी मात्र पावसाच्याच पाण्याने भरले. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरिनने जिवाणू मरतात. तो काढलेल्या पाण्यातच खळबळला. उरलेले दोघे तगले.

शिक्षक म्हणाले, "आधी विचारले असते, तर गप्पी सुचविले असते. डासांसाठी हौदात सोडतात ना, तेच. त्यांना आपले पाणी मानवते."

मग पुण्याला पत्र लिहावयास बसलो. 'चार' या आकड्यापाशी लेखणी अडखळली. तरीही तो लिहिला.